बॉल पायथन नंतर, आधी घरातल्या राघूचं बघा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही बडोद्याला कारेलीबागेत राहतो. मुलगा एम. एस. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला बॉल पायथन पाळायचा आहे. इन्स्टाग्रामवरचा विक्रेता 'पेपर्ससकट देतो' म्हणतो, आणि मुलानं दोन हजार ॲडव्हान्स देऊनही टाकलेत. घरात सासऱ्यांच्या वेळेपासूनची दोन चांदण्यांची कासवं आहेत, शिवाय सासूबाईंचा राघू. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, साप आणलात तर तक्रार करीन. कायदेशीर काय आणि बेकायदेशीर काय?"

ताई, सेक्रेटरींचं बोट चुकीच्या पिंजऱ्याकडे आहे. जो साप अजून घरात आलेला नाही, तो कागदपत्रं नीट असतील तर कायदेशीर ठरू शकतो. जी कासवं आणि जो राघू घरात आहेत, ते मात्र आज या घडीला गुन्हा आहेत. मी पशुवैद्य आहे. कुत्र्या-मांजरांबरोबर पक्षी, कासवं, इग्वाना हेही बडोद्यातल्या माझ्या दवाखान्यात येतात. लोक साप म्हटला की घाबरून कायद्याचं विचारतात. पोपटाबद्दल कोणीच विचारत नाही.

कारण सरळ आहे. प्राणी किती भीतिदायक आहे याच्याशी आपल्या कायद्याला फारसं देणंघेणं नाही. तो विचारतो की ही जात इथल्या रानातली आहे का. इथली असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा थेट लागतो आणि 'पाळणं' हा प्रकारच जवळजवळ संपतो. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं पकडणं आणि सापळा लावणंही येतं, आणि बेकायदा पकडलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. परदेशी जात असेल तर हिशेब वेगळा. तिथे बंदीपेक्षा नोंदणीचा प्रश्न असतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, जुन्या सहा परिशिष्टांची चार झाली. पहिल्या दोनांत आपले प्राणी, तिसऱ्यात वनस्पती आणि चौथ्यात 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जाती. भारत या करारात १९७६ पासून आहे, पण घरात पाळलेल्या परदेशी प्राण्याला देशातल्या कायद्यानं पकडावं अशी सोय या दुरुस्तीआधी नव्हती. विमानतळावर कस्टम्सनं अडवलं तर अडवलं. एकदा माल बाहेर पडला की तो कुणाच्या हिशेबात नसे. आजचे अर्धे गोंधळ त्या काळातले आहेत.

आता तुमची कासवं. गुजरातेत चांदण्यांचं कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, घरात असलं की बरकत येते असं मानतात, आणि आपल्या मराठी घरांनीही ते इथे राहून उचललंय. दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या घरांतल्या अंगणांत ही कासवं असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही जात आता परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे कायद्यानं वाघाच्या पंक्तीत. साइट्सनंही २०१९ मध्ये तिला सर्वांत कडक यादीत नेलं, कारण जगभरच्या पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारात तिला प्रचंड मागणी आहे. परिशिष्ट १ च्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

"सासऱ्यांच्या वेळची आहेत" हा युक्तिवाद तुम्ही मनात तयार ठेवला असेल. कासव पन्नास वर्षं सहज जगतं, तेव्हा ते खरंही असेल. पण नुसतं खरं असून उपयोग नाही. कायद्याचं कलम ५७ म्हणतं की तुमच्या ताब्यात वन्यप्राणी सापडला तर तो बेकायदाच धरला जाईल, आणि तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या ताब्यांची घोषणा करायची एक संधी २००३ मध्ये मिळाली होती. ती त्या वेळी घेतली नसेल तर आज "वडिलार्जित आहे" हे तोंडी वाक्य फारसं टिकत नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, कुठेही सोडून देऊ नका. सुरसागर तलावात नको, विश्वामित्री नदीत नको, अजव्याच्या माळावर तर मुळीच नको. स्टार कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात सोडलं तर बुडतं. आणि घरात वाढलेलं कासव रानात नेऊन सोडलं तर त्याच्या अंगचे आजार रानातल्यांना लागतात. शिवाय गुजरात-राजस्थानकडची आणि दक्षिणेतली कासवं वंशानं वेगळी आहेत. तुमच्या सासऱ्यांनी ती कुठल्या फेरीवाल्याकडून घेतली आणि त्यानं कुठून आणली, कोण सांगणार? सोडून देणं हेही कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या हातात नाही, प्राणी सरकारचा आहे.

दुसरी गोष्ट, "सयाजीबागेत नेऊन द्या" असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. सयाजीबागेचं प्राणिसंग्रहालय १८७९ पासूनचं, बडोदेकरांना ते घरचंच वाटतं. पण कोणतंही प्राणिसंग्रहालय गेटवर आलेला प्राणी परस्पर घेऊ शकत नाही, त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम आहेत. रस्ता वनखात्यातूनच जातो. एका वकिलाला भेटा, दोन ओळींचं पत्र लिहा (प्राणी कोणते, किती, कधीपासून, स्वेच्छेनं ताबा देत आहोत) आणि त्याची पोच घ्या. २०२२ च्या दुरुस्तीत कलम ४२-ए आलं, त्यात सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन प्राणी स्वेच्छेनं परत करता येतो, पण ते प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी आहे. प्रमाणपत्र नसणाऱ्याला कायद्यात लिखित माफी नाही. तरी स्वतःहून आलेला माणूस आणि छाप्यात सापडलेला माणूस यांच्याकडे बघण्याची अधिकाऱ्याची नजर वेगळी असते, एवढं मी पाहिलेलं आहे. वकील म्हणूनच हवा.

तोवर तरी त्यांना धड खायला घाला. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या स्टार कासवाची पाठ उंचवट्या-उंचवट्यांची झालेली असते, कारण पोळी, दूधभात, टोमॅटो. गवत, जास्वंदीची पानं, निवडुंगाची सोललेली पानं, आणि रोज ऊन. बादलीत ठेवत असाल तर आजच बाहेर काढा.

राघूचं सांगायला मला जरा जीवावर येतं. साधा कंठवाला पोपट परिशिष्ट २ मध्ये आहे. पहाडी पोपटही, मुनियाही, मैनाही. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे, तरी भर बाजारात पोतं टाकून पिल्लं विकली जातात, आणि त्यामुळे लोकांना वाटतं चालतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कोणी म्हाताऱ्या बाईला राघूसाठी तुरुंगात टाकत नाही. पण सेक्रेटरींनी सापाची तक्रार केली, वनखात्याची माणसं घरी आली आणि त्यांना गॅलरीत राघू दिसला, तर ते डोळे मिटून परत जाणार नाहीत. त्यांना पंचनामा करावाच लागतो. तक्रार कुणीही करू शकतो. खात्यानं हालचाल केली नाही तर साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिक थेट कोर्टातही जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या सेक्रेटरींच्या हातात परवाना देण्या-काढण्याचा काडीचाही अधिकार नाही, पण फोन आहे.

राघूलाही उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, त्याला घार म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि भूक लागली की तो दुसऱ्याच गॅलरीत जाऊन "सीताराम" म्हणतो. कासवांच्या पत्रातच त्याचा उल्लेख करा. सासूबाईंना सोबत हवी असेल तर बजरिगार आणि कॉकटील हे दोन पक्षी पूर्णपणे निर्धोक आहेत: परदेशी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदा होतात, आणि साइट्सनं त्यांना पोपटांच्या यादीतून मुद्दाम वगळलं आहे, म्हणून नोंदणीही लागत नाही. लालसर तोंडाचा साधा लव्हबर्डही तसाच वगळलेला. मात्र डोळ्याभोवती पांढरी कडी असलेल्या फिशर लव्हबर्डला ही सूट नाही. दुकानदार दोन्ही एकाच पिंजऱ्यात ठेवतो आणि एकाच नावानं विकतो. आफ्रिकन ग्रे, जो आजकाल मोठ्या फ्लॅटांत रुबाबासाठी आणतात, तो साइट्सच्या पहिल्या यादीत आहे, आणि त्याची पैदास करणाऱ्याला वेगळा परवाना लागतो.

आता मुलाचा पायथन. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साइट्सच्या दुसऱ्या यादीतला. आपल्याकडचा अजगर तो वेगळा. तो परिशिष्ट १ मध्ये, त्याला हातही लावायचा नाही. बॉल पायथनसारखा प्राणी ताब्यात असणाऱ्यानं त्याची नोंद करायची हे कायद्याच्या कलम ४९-एम मध्ये आहे, आणि ती कशी करायची हे २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांत. तेव्हा ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नियम असा की प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर अर्ज करायचा, हजार रुपये शुल्क भरायचं, आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या कार्यालयाकडून नोंदणी घ्यायची. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तर तेही कळवायचं. अर्ज करणं फार कठीण नाही. कठीण आहे ते त्यात लिहायचं उत्तर: हा प्राणी तुम्हाला कुणाकडून मिळाला?

इथे तो इन्स्टाग्रामवाला अडकतो. त्याच्याकडे प्राणी कायदेशीर असेल तर त्याच्या स्वतःच्या नावावर नोंदणी असलीच पाहिजे. साप त्याच्याकडे जन्मला असेल तर जन्माची नोंद असली पाहिजे, आई-बाप नोंदलेले असले पाहिजेत. बाहेरून आणला असेल तर साइट्सचा आयात परवाना, कस्टम्सचं कागद आणि पशू-विलगीकरणाची पूर्तता. आणि तुम्हाला देताना हस्तांतराची नोंद. ही साखळी. मधली एक कडी नसली तर शेवटची कडी तुमची, आणि सापडणारेही तुम्हीच.

"पेपर्स" म्हणून लोक माझ्या टेबलावर काय काय ठेवतात ते सांगतो. स्टँप पेपरवर नोटरी केलेलं 'गिफ्ट डीड', जणू साप म्हणजे मावशीनं दिलेली अंगठी. कुणा तिसऱ्याच माणसाच्या २०२० च्या घोषणेची झेरॉक्स. त्या वर्षी पर्यावरण मंत्रालयानं परदेशी प्राण्यांची स्वेच्छेनं घोषणा करायची योजना आणली होती, तिची मुदत मार्च २०२१ पर्यंत वाढली, आणि त्या पावत्या आजही बाजारात एखाद्या जुन्या लॉटरीच्या तिकिटासारख्या फिरतात. ती घोषणा त्या वेळच्या, त्या मालकाच्या, त्या प्राण्यांपुरती. काल अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ती लागू होत नाही. मग मायक्रोचिपचा नंबर. चिप ही ओळख आहे, परवानगी नाही. मला चिप बसवायला सांगा, मी पाच मिनिटांत बसवीन, कागद त्यानं निर्माण होत नाही. आणि काही जण माझ्याकडून मागच्या तारखेचा आरोग्य दाखला मागतात, म्हणजे प्राणी जुना वाटावा म्हणून. उपचार मी कुठल्याही जनावरावर करीन, मागची तारीख कुणालाही घालून देणार नाही.

या व्यापाराचा एक मोठा भाग बँकॉकच्या विमानांतून येतो. चेन्नई आणि मुंबईच्या विमानतळांवर बॅगांत मोज्यांमध्ये गुंडाळलेले साप, डब्यांत कोंबलेले इग्वाना, माकडांची पिल्लं सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. सापडतात ते थोडे. उरलेले कुणीतरी 'कॅप्टिव्ह ब्रेड', म्हणजे पिंजऱ्यातच पैदा झालेले, म्हणून विकतो, आणि तुमच्या मुलासारखा प्राण्यांवर खरोखर जीव असलेला मुलगा ते विकत घेतो. दवाखान्यात असा साप आला की कळतं: अंगावर गोचिड्या, तोंडात फेस, महिनाभर उपाशी.

साइट्सच्या यादीतच नसलेल्या परदेशी जातीही आहेत. कॉर्न स्नेक, शुगर ग्लायडर, हॅमस्टर. यांना वरची नोंदणी लागत नाही. म्हणून दुकानदार त्यांना 'फुल्ली लीगल' म्हणतो, पण देशात ते आणले कसे हा प्रश्न उरतोच, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या नियमांनी राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते ती वेगळीच. दुकानाच्या भिंतीवर ती दिसली नाही तर मागे फिरा. विषारी परदेशी साप आणण्याचं वेड काही शहरांत आहे, त्यावर एकच वाक्य: आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, बाकीच्यांच्या दंशावर सयाजी हॉस्पिटल काय किंवा आणखी कोणी काय, हात वर करतील.

लाल कानाच्या छोट्या हिरव्या कासवांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बडोद्यात प्रत्येक ॲक्वेरियमवाल्याकडे ती आहेत म्हणून सांगतो. रुपयाएवढं पिल्लू ताटाएवढं होतं, टाकी घाण करतं, आणि मग लोक ते तळ्यात सोडतात. ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं अशा जातींची आयात, विक्री आणि ताबा यांवर बंदी घालायचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. लहान मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेलाचे जुलाब लागतात. अमेरिकेनं याच कारणानं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी केली. हात धुवा.

तसं पाहिलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची हौस भागवायला बडोद्यासारखं गाव नाही. काळा घोड्याच्या पुलावर उभं राहिलं की खाली विश्वामित्रीत मगर ऊन खात पडलेली. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांत, अगदी घरांच्या छपरांवर आल्या, आणि लोकांनी वनखात्याला फोन करून त्या धरवल्या. तेव्हा काही उत्साही मुलांनी मगरीच्या पिल्लांबरोबर व्हिडिओ काढले. तेही बेकायदाच. नाग हातात धरून रील काढणारे 'सर्पमित्र' त्याच रांगेत, कारण २०२२ नंतर नाग, घोणस आणि धामणसुद्धा परिशिष्ट १ मध्ये आहेत. गारुड्याला नागपंचमीला पैसे देणंही थांबवा. आपली पंचमी श्रावण शुद्धात, गुजरात्यांची वद्यात, त्यामुळे बडोद्यात तो महिन्यातून दोनदा येतो, दोन्ही वेळा त्याच नागाला घेऊन, आणि त्या नागाचे दात काढलेले असतात.

समजा, विक्रेत्याची साखळी पूर्ण निघाली. मग मुलाशी बसून बोला. बॉल पायथन गरीब जनावर आहे, घाबरला की चेंडूसारखा गुंडाळून बसतो, तीन ते पाच फुटांपलीकडे जात नाही. पण वीस-तीस वर्षं जगतो. मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. नोकरी पुण्यात लागली, बंगलोरला लागली, कॅनडात लागली, तर साप तुमच्याकडे. राज्य बदललं तर नोंदणीचं काम पुन्हा. पेटीच्या एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो, म्हणजे बडोद्याच्या मे महिन्यात ऊब नव्हे, एसी लागतो. खातो उंदीर. जिवंत उंदीर टाकला तर तो सापालाच चावतो, म्हणून मारलेले, गोठवलेले द्यायचे. ते सासूबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवणार का, हे आधी ठरवा. आणि हिवाळ्यात हा साप दोन-तीन महिने काही खात नाही. ते नैसर्गिक आहे, पण तेवढ्या काळात पालक मला रोज फोन करतात.

सुल्काटा नावाचं आफ्रिकन कासव तुमच्या कासवांच्या जागी कोणी सुचवलं तर घेऊ नका. तळहातावर मावणारं पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं. फ्लॅटचं दार तोडेल.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी वकील आणि वनखात्याचं पत्र, कासवं आणि राघू मार्गी लागू देत. त्यांच्यासकट नवीन प्राण्याच्या नोंदणीचा अर्ज करणं म्हणजे अधिकाऱ्याला स्वतःहून घरी बोलावून गुन्हा दाखवणं. ते झालं की विक्रेत्याला एकच मेसेज करा: "तुमच्या नावावरचं परिवेशचं नोंदणी प्रमाणपत्र आणि या सापाच्या जन्माची किंवा आयातीची नोंद आधी पाठवा, मग बाकीचे पैसे." खरा माणूस असेल तर दहा मिनिटांत पाठवेल. "डिलिव्हरीबरोबर देतो", "सगळे असंच घेतात", "मोबाइलवर नको, प्रत्यक्ष भेटा" यातलं काहीही आलं तर व्यवहार संपला. दोन हजार गेले समजा. तो मग "तुमचं नाव देईन" अशी धमकी देईल, काही जण देतात. त्याच्याशी झालेलं चॅटिंग मुलानं पुसू नये, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही राहू द्यावा, आणि शेवटी "कागद नसल्यामुळे मी प्राणी घेत नाही" असं स्पष्ट लिहून ठेवावं.